घरी विचारून या

आमच्या गल्लीत पहिल्यांदा येणारा माणूस शिंकतो. त्यावरूनच कळतं की हा बाहेरचा. नंदुरबारला मिरचीचा मोसम सुरू झाला की गोदामांतून, हातगाड्यांवरून, हमालांच्या कपड्यांतून तिखट उडतच असतं, आणि आमची गल्ली तर मिरची मार्केटच्या पाठीला चिकटलेली. आम्हाला काही होत नाही. माझी मुलगी सुरतेहून येते तेव्हा हल्ली तीही शिंकते, आणि मला जरा वाईट वाटतं.

ती म्हणते, "मम्मी, निघा आता इथून. नव्या कॉलनीत घर घ्या, तिथे रस्त्याला पेव्हर ब्लॉक आहेत." पेव्हर ब्लॉक काय चाटायचे आहेत का मला? मान्य, इथे गटार उघडं आहे. डुकरं फिरतात. पिंजाऱ्याच्या दुकानातला कापूस सगळ्यांच्या डोक्यावर बसतो, आणि शेजारचा पेटीवाला चाचा सकाळपासून पत्रा ठोकून डोकं उठवतो. पण एखाद्या दिवशी मला ताप आला आणि गिरणी उघडली नाही, तर तोच चाचा हातोडा खाली ठेवून माझं दार वाजवतो. कॉलनीत कोण वाजवणार आहे?

तर माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या बरोबर समोर बार आहे. मधे रस्ता, तोही असा की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला उलटं जावं लागतं. बाया दळण घेऊन माझ्याकडे येतात, पुरुष संध्याकाळी तिकडे जातात. माझा नवरा म्हणतो, "आम्हना बार तठे, तुम्हना बार आठे." खोटं नाही ते. त्यांच्या बारमध्ये जेवढ्या भानगडी बाहेर पडत असतील त्याच्या दुप्पट माझ्या गिरणीत पडतात, आणि त्याही शुद्धीत.

बार म्हणजे तरी काय हो! पुढे पत्र्याचं छप्पर. पाटीवरच्या काही अक्षरांतले दिवे गेले ते गेलेच. प्लास्टिकची खुर्ची तुटली की मालक ती तारेने शिवतो. कूलर आहे, पण त्यात पाणी घातलं की तो समोरच्या देवाच्या फोटोवर उडवतो, म्हणून बिचारा कोरडाच फिरतो आणि गरम हवा फेकतो. मात्र मागच्या खोलीत मालक स्वतः शेवभाजी करतो. तिचा मसाला माझ्याकडच्या मिरचीच्या चक्कीवर दळला जातो, आणि संध्याकाळी मागच्या दाराने एक वाटी माझ्याकडे येते. लग्न होऊन आले तेव्हापासून ही वाटी खाते आहे. आत मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाईमाणूस तिथे जात नाही, आणि मालकाने कधी बोलावलंही नाही.

मालक तापीकाठच्या गावचा, शेतकरी घरातला. आम्ही सगळ्या त्याला भाऊ म्हणतो. तोंड असं की दुधाकडे बघितलं तर दूध फाटावं. गिऱ्हाइकाला "या" म्हणणं त्याच्या जिवावर येतं. पण एक गोष्ट त्याच्यात होती आणि ती गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होती. दळण टाकता टाकता कुणीही माझ्या दारातून ओरडायचं, "भाऊ, आज याले एकच!" भाऊ मान वर करायचा नाही, नुसता हं म्हणायचा. पण एक म्हणजे एकच. संध्याकाळी तिचा नवरा कितीही तणतणू दे, "मी काय धाकला पोऱ्या शे का?" म्हणू दे, भाऊचं उत्तर ठरलेलं असायचं, "बाईनी सांगेल शे. ऊठ."

असा बार चालेल कसा? बायपासला नवा झाला, काचेचा, थंडगार. गुजरातमधून घसा ओला करायला येणारे पाहुणे पूर्वी स्टेशनवर उतरून आमच्या गल्लीत यायचे, शिंकत शिंकत का होईना यायचे. आता त्यांच्या गाड्या बायपासलाच थांबतात. भाऊकडे उरले ते गल्लीतलेच, आणि त्यांना तर एकच.

माझी मैत्रीण गल्लीच्या तोंडाशी राहते. तिचा नवरा मार्केटात हमाल, ती स्वतः मोसमात मिरचीची देठं काढायला जाते. नवऱ्याचं पिणं म्हणजे तिच्या जिवाला घोर. त्यांच्या मुलीला बघायला शहाद्याकडचे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी मैत्रिणीने माझ्या दारातून ओरडून सांगितलं, "भाऊ, उद्या याले एक थेंब नही!" भाऊ हं म्हणाला. मी तिथेच होते, मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमाल नवा शर्ट घालून बारच्या पायरीवर हात जोडून उभा राहिला. "पोरनं जमी ऱ्हायनं भो. आज खुशीनी दे." आणि एरवी देवालाही नाही म्हणेल असा हा माणूस, त्या दिवशी नेमका विरघळला. दिली. एकीवर थांबलाही नाही. पाहुणे गल्लीत शिरले तेव्हा मुलीचा बाप पिंजाऱ्याच्या दुकानापुढच्या गादीवर आडवा, एक पाय गटारात, आणि तोंडाने पाहुण्यांना "बठा, बठा" चाललेलं. पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही. सोयरीक मोडली.

मैत्रीण रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती ज्वारीचा डबा आणि एक कागद घेऊन गिरणीत आली आणि म्हणाली, "पहिली सही तुन्ही."

आपल्याकडे तसा कायदा आहे. वॉर्डातल्या पुरेशा बायांनी सह्या दिल्या की दारूच्या दुकानावर मतदान लागतं, फक्त बायांचं. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मी सही केली. ही सही मतदान घ्या म्हणून आहे, बंद करा म्हणून नाही, असं मनाला समजावलं. भाऊला ते पटलं नसावं. त्या संध्याकाळी शेवभाजीची वाटी आली नाही, नंतरही आली नाही. पुरुषांनी असा रुसवा धरलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

मग महिनाभर माझ्या गिरणीत जे काही चाललं ते विचारू नका. पिंजाऱ्याची बायको, आमची खाला, दळणाच्या डब्यावर हात आपटून म्हणायची, "ये बंद हुआ तो सब बायपास जाएँगे. वहाँ कौन सुनेगा तुम्हारी? यहाँ कम से कम भाऊ सुनता है."

"मन्हं कोठे आयकं?" माझी मैत्रीण म्हणाली.

खालाने आपल्या डब्याचं झाकण लावलं. नुसता गिरणीच्या पट्ट्याचा आवाज चालू होता.

मतदानाच्या काही दिवस आधी भाऊ मसाल्याची पिशवी घेऊन स्वतः आला. मी म्हटलं, "भाऊ, एकदा तिच्या दारात जा. चुकलं म्हणा. तेवढंच हवंय तिला."

"चुकनं ते चुकनं. सांगीसन काय व्हस?"

"आणि बार गेला तर?"

"जाऊ दे. गाव जाईसन बठसू." म्हणाला खरं, पण बोटांनी पिशवीची सुतळी सोडायची, बांधायची, परत सोडायची असं चाललं होतं. गावी त्याचं कोण आहे? बायको जाऊन किती वर्षं झाली, मुलं सुरतेला, जमीन भावांकडे. त्याला बोलायला माणसं मिळतात ती त्या पत्र्याखालीच. इतका राग आला मला त्याचा, आणि इतकी कीवही आली. मसाला दळून दिला, दळणावळ घेतली नाही. तेही त्याला आवडलं नाही.

मतदान नगरपालिकेच्या शाळेत होतं. रांगेत माझ्या पुढे मैत्रिणीची मुलगी उभी होती, तीच, जिची सोयरीक मोडली. मत द्यायची तिची पहिलीच वेळ. देठं काढून बोटं लाल झालेली, ती आग होऊ नये म्हणून ओढणीच्या टोकाने धरून ठेवलेली. मागे वळून हसली आणि म्हणाली, "काकू, शिक्का उलटा पडला तर मत बाद व्हस का वं?" मी म्हटलं, "नाही गं, चित्रावर पडला म्हणजे झालं."

आत पडद्यामागे गेले आणि दोन्ही बाटल्या माझ्याकडे बघत बसल्या. खरं सांगते, मला तो बार आवडतो. त्या पाटीचे उरलेले दिवे लागले की गल्ली जागी आहे असं वाटतं. पुरुषांचा तो निष्कारण गडगडाट ऐकत मी शेवटचं दळण काढते. पण आवडत होता मला, आणि भोगलं त्या पोरीने. मी आडवीवर शिक्का मारला आणि बाहेर येऊन सरळ घरी गेले. डोळे भरून आले होते. विचारलं असतं तर मिरची म्हणून सांगणार होते.

दुपारनंतर निकाल लागला. आडव्या जास्त होत्या, चांगल्याच जास्त. पण बार बंद व्हायला वॉर्डातल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या लागतात, आणि ऐन मोसमात निम्म्या बाया पहाटेच मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला गेलेल्या. त्या आल्याच नाहीत. बार राहिला.

संध्याकाळी पुरुषांचा काय तो थाट! कुणी हार आणला, कुणी फटाक्यांची माळ. माझा नवरा तर इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, जसा काही तोच निवडून आला होता. मी गिरणीच्या दारातून बघत होते. भाऊ अर्ध्या शटरखाली खुर्ची टाकून बसला होता, तोंड नेहमीपेक्षा जास्त आंबट. हार घालायला आलेल्याचा हात त्याने बाजूला सारला.

"काय जिकनात रे? ज्या बाया मत टाकाले उन्यात, त्यास्नी मिळीसन माले आडा पाडा. घर जा. बायकोले इचारीसन या. उभी टाकी व्हयी ते या. आडी टाकी व्हयी ते घर बठा."

"मतदान गुप्त ऱ्हास ना भो!" कुणीतरी म्हणालं.

"मन्हाकरता गुप्त. तू नवरा शे ना तिन्हा? मंग इचार."

 सगळ्यांना वाटलं, थट्टा करतोय. पण भाऊने खुर्ची बाहेर घेतली, उरलेलं शटरही खाली ओढलं आणि परत बसला. मग एकेक करून निघाले. हार हातात, माळ खिशात, आणि चालले आपापल्या दाराशी बायकोला विचारायला. खाला माझ्या गिरणीत बसली होती, ती पोट धरून हसत होती. मीही हसले.

पायरीवर एकटा हमाल उरला. त्याला घरी विचारायची गरजच नव्हती. भाऊ खुर्चीवरून उठला आणि त्याचा दंड धरला. दोघे गल्लीच्या तोंडाशी गेले. मैत्रीण ओट्यावर भाजी निवडत होती, मुलगी आत होती. भाऊने चपला रस्त्यावर काढल्या. चाचाचा हातोडासुद्धा थांबला होता, म्हणून मला गिरणीच्या दारातून ऐकू आलं.

"वहिनी," भाऊ म्हणाला, "तू सांगेल व्हतं. तरी मी दिन्ही. चुकनं मन्हं." मग आत बघून परत म्हणाला, "बेटा, चुकनं मन्हं."

 मैत्रिणीने हातातली जुडी निवडून संपवली. मग उठली, नवऱ्याला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं. भाऊ चपला घालून परत आला तेव्हा त्याने चेहरा शर्टाच्या बाहीला पुसला आणि शटर वर केलं.

मी गिरणी बंद करत होते, तेवढ्यात आमचे हे दारात. इस्त्रीचा शर्ट, हात मागे, एखाद्या पोराने प्रगतिपुस्तक लपवावं तसे. "आयकस का? भाऊनी इचाराले धाडं." जरा थांबून म्हणाले, "तू ते उभीच टाकी व्हयी ना?"

"आडवी टाकली."

चेहरा असा पडला की मला दया आली. तीस वर्षांत या माणसाने मला कधी त्रास दिला नाही, एकीवर दुसरी मागितली नाही. ते चपला काढू लागले, घरी बसायच्या तयारीने. म्हटलं, "काढू नका. चला, मी येते."

"कोठे?"

"समोर."

रस्ता ओलांडला आणि मी पहिल्यांदा त्या पत्र्याखाली गेले. आत तिघेचौघेच होते, ज्यांच्या घरच्यांनी उभी टाकली होती ते, आणि तेही मला बघून उठून उभे राहिले. कोरडा कूलर गरम हवा फेकत होता. भाऊने बघितलं. तारेने शिवलेली नव्हती अशी एकच खुर्ची होती, ती फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवली.

"वहिनी, उभी का आडी?"

"आडवी," मी म्हटलं.

भाऊने मान हलवली. मागे गेला आणि शेवभाजीचं ताट घेऊन आला. वाटी नव्हे, ताट, बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि कांदा. ते माझ्यापुढे ठेवलं आणि यांच्यापुढे साधा सोडा ठेवला. बाटली उघडून दिली, तेवढा मान ठेवला.

माझा नवरा त्या सोड्याकडे बघत बसला. मग हळूच माझ्याकडे सरकून म्हणाला, "अन् सकाय?"

"उद्याचं उद्या विचारा," मी म्हटलं, आणि भाकर मोडली.