नाव निघालं

पाकीट हातात देण्याआधी तो ते नाकाशी धरायचा. "फुकटाचा वास येतोय," म्हणायचा. भुईगावात आमच्या आळीला टपाल वाटणारा हा पोस्टमन तुम्ही पाहिला असतात तर म्हणाला असतात, हा टपाल कमी आणि शहाणपण जास्त वाटतो.

तेव्हा बक्षिसांची पत्रं फार यायची. तुमचं नाव निघालंय, घड्याळ मिळणार, फक्त टपालखर्चाचे पाच रुपये आधी पाठवा. माझ्या सासऱ्यांना तो म्हणाला, "मामा, देणारा कधी आधी हात पसरतो काय?" सासरे ऐकतात होय? घड्याळ आलं ते पत्र्याचं, काटे रंगवलेले. मग महिनाभर हा दारात विचारी, "मामा, किती वाजले?"

शेजारच्या काकींकडे मात्र त्याची जीभ अडली. त्यांचा एकुलता मुलगा लढाईच्या वर्षांत बोटीवर नोकरीला गेलेला. बोट बुडाली म्हणत, पण कागद कसलाच आला नाही. आणि एके दिवशी त्याच्या नावाने बक्षिसाचं पत्र आलं. पोरगा पूर्वी कोड्यांची कुपनं भरायचा, तिथून कुणी नाव उचललं असणार.

काकी म्हणाल्या, "नाव निघालं ना? मग हाय तो कुठंतरी. मेल्या मानसाचं नाव कोन काढतो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मनिऑर्डरचा फॉर्म त्यानेच भरून दिला.

एकदा पैसे गेले की पत्रं वाढतात, हे तोच सगळ्यांना सांगायचा. तशी ती वाढली. आज रेडिओ, उद्या शिवणाचं मशीन. काकींची एक बांगडी सोनाराकडे गेली, मग दुसरी.

त्यानंतरचं पत्र त्याने आमच्या ओटीवर बसून गुडघ्यावर ठेवलं आणि त्यावर आडवं लिहिलं. पाकिटांवरचे पत्ते वाचूनच मी अक्षरं शिकलेली, वाचलं. 'घेणारा मयत. परत.'

"काकींना काय सांगणार?" मी विचारलं.

"काय सांगू, सूनबाई? पत्र खोटं होतं, की पोरगा नाही?"

तशीच तीन-चार पत्रं परत गेली आणि मग यायची थांबली. टपाल नसलं तरी तो रोज काकींच्या कुंपणाशी यायचा. "आज नाही, काकी."

"उद्या बघ हां, बाबा."

तीन वर्षांनी काकी गेल्या. त्यांना अग्नी देऊन सगळे समुद्रावरून परतले, हा आमच्या दारात रेंगाळला. मला हळूच म्हणाला, "आता मायलेकरं तिकडं भेटली असतील."

मी मान हलवली.

थोडं चालून तो पुन्हा थांबला. "सूनबाई, आणि तो तिकडं नसला तर?"