बार्शीटाकळीचा उतार आणि आबांची घागर

बार्शीटाकळीच्या वकिलीणबाईंचं बोलावणं आलं आणि आबांनी त्याच दिवशी कुदळीला नवा दांडा बसवला.

आबा म्हणजे माझे वडील, चांदूर बाजारचे माळी. त्यांना अक्षरओळख नाही. मी तिथल्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण. बाई मागे चांदूरला पाहुण्या आल्या होत्या, तेव्हा त्यांनी खडकाळ उतारावरही हिरवा राहिलेला आमचा मळा पाहिला होता. त्यांचं बार्शीटाकळीचं घरही तसंच उतारावर. दोनदा लावलेली बाग जळून गेली, माती वाहून गेली. यंदा जमलं नाही तर घर विकायचं, असं वकीलसाहेबांनी ठरवलेलं. शाळेला सुटी होती, म्हणून मीही निघाले.

पहाटेच्या मोटारीने अमरावती, तिथून बडनेरा, मग अकोल्याची गाडी. वैशाखात जाणार असाल तर उन्हाच्या बाजूची खिडकी धरू नका, आणि सुरई जवळ ठेवाच. बडनेऱ्याच्या फलाटावर भाकर, जवसाची चटणी आणि कांदा खाल्ला. अकोल्याहून पुढे दमणी केली. या हलक्या बैलगाडीत हाडं खिळखिळी होतात, पण दोन्हीकडची काळी रानं डोळाभर दिसतात.

बाई पुण्याकडच्या. म्हणाल्या, "इथे हिरवळ हवी, आणि खाली गुलाब."

"बाई, या उतारावर पानी थांबून नाई राहिलं, तं गुलाब काहून थांबन?" आबा म्हणाले.

मला वाटलं, आता परत पाठवतात. पण त्या पायरीवर बसल्या. "मग तुम्हीच सांगा."

आबांनी वरच्या कोपऱ्यात घागर उपडी केली आणि पाणी कुठून पळतं ते पाहिलं. मग फळीवर पाण्याने भरलेली थाळी ठेवून पातळी धरली आणि उताराला आडवे चर खणून त्यांच्याच मातीचे बांध घातले. बांधांवर गवती चहा, खाली शेवगा आणि सीताफळ, न्हाणीच्या पाण्यावर मोगरा आणि केळ. मुळांशी पालापाचोळ्याचा जाड थर.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांसमोर घागर ओतली, तर एका कोपऱ्यात बांध फुटला. शेजारी हसले. आबा म्हणाले, "माही चूक झाली. पातळी चुकली." भर उन्हात त्यांनी तो चर बुजवून पुन्हा खणला. संध्याकाळी सहा घागरी ओतल्या; खालच्या रस्त्यावर थेंब आला नाही. वकीलसाहेबांनी स्वतः वाकून बांधाची ओली माती चाचपली. माझी मान तेव्हा जी ताठ झाली, ती परतीच्या गाडीतही तशीच होती.

घरी आल्यावर प्रवासाचा शीण चार दिवसांत गेला. भाद्रपदात बाईंचं पत्र आलं. ओट्यावर शेजारी जमले, मी मोठ्याने वाचलं: 'अंगणातली माती अंगणातच आहे. विहिरीला पाणी चढलं. घर विकायचा विषय ह्यांनी पुन्हा काढलेला नाही.'

आबांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग शेजाऱ्यांना म्हणाले, "पत्र मले आलं. वाचलं माह्या पोरीनं. दोनी गोष्टी आमच्याच घरच्या."