हर्णै ते दाभोळ, खारट साखळीवर

शहापूरचा आमचा शेजारी आंब्याची कलमे आणायला दापोलीला निघाला होता. त्याच्या टेम्पोत सायकली धरून बसलेल्या आम्हा दोघांना त्याने पुढे हर्णै बंदरापर्यंत सोडले. माझी बायको कुसुम डोळखांबकडच्या एका पाड्यावर अंगणवाडीत आहे. तिथे जायला सोपे पडावे म्हणून ती चाळिशीनंतर सायकल शिकली. आता तिला हर्णै ते दाभोळ, बंदर ते बंदर, एकदाही सायकल न ढकलता जायचे होते.

शहापूरपासूनच्या धुळीने सायकली माखल्या होत्या. घरी भातसा नदीत धुतो तशा मी त्या समुद्रात घातल्या.

"खाऱ्या पान्यानं काय व्हनार नाय ना?" कुसुमने विचारले. पाण्यासारखे पाणी, असे मी म्हणालो. रात्री बांगडा आणि तांदळाची भाकरी खाऊन झोपलो.

सकाळी पाहतो तो तिची साखळी तांबूस पडलेली. माझ्या सायकलीच्या साखळीवर झाकण होते, ती वाचली. मी रुमालाने तिची साखळी पुसली आणि काही बोललो नाही.

मुरुड, कर्दे, सुरूची झाडे, डाव्या-उजव्या वाड्या. प्रत्येक गाईला घंटी वाजवत कुसुम पुढे. लाडघरच्या पुढे बुरोंडीचा चढ लागला. निम्म्यावर तिची साखळी करकरली, अडकली आणि तिने पाय टेकला. ती रस्त्याकडेला बसली.

"माझ्याच पायात दम नाय. टेम्पोला फोन करा."

मी गप्प राहिलो असतो तर तिने आयुष्यभर पायांनाच दोष दिला असता. समुद्राच्या पाण्याने साखळी गंजली, हे सगळे मी सांगितले. सकाळचा रुमालही दाखवला.

शेजारी म्हावऱ्याची (मासळीची) पाटी घेऊन एक कोळीण एसटीची वाट पाहत होती. तिने ऐकले.

"दर्यात धुतलास? मंग जरा पावडर पन लावाची व्हती."

कुसुम हसली नाही. तिने पिण्याच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या साखळीवर रिकाम्या केल्या आणि पिशवीतून केसांच्या तेलाची पुडी काढली. "तुमचा टॉवेल द्या," एवढेच म्हणाली. माझा तोच एक टॉवेल होता. मी दिला. कोळणीने मागचे चाक उचलून धरले आणि मी पायडल फिरवत राहिलो. हळूहळू करकर थांबली.

मला वाटले, आता वर निघू. कुसुमने सायकल वळवली, चढाच्या पायथ्याशी गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. आमच्यासमोरून गेली तेव्हा कोळणीने पाटीवर थाप मारली. मी मात्र अर्ध्यात उतरून ढकलत गेलो. वर पोहोचलो तर ती दोन्ही हात कमरेवर ठेवून खालचा समुद्र बघत होती.

दाभोळला खाडीकडे रस्ता घसरत उतरतो. कुसुम थेट धक्क्यावर गेली. पुढचे चाक पाण्याच्या काठाला नेऊन तिने लांबलचक घंटी वाजवली. फेरीबोटीवरच्या माणसाने विचारले, "मावशी, पलीकडं जायचंय?"

"नाय रे. मला हितवरच यायचं व्हतं."

मला आतून मोकळे वाटले. माझी चूक पुसली गेली नव्हती, पण तिचा ठपका कुसुमच्या पायांवर राहिला नव्हता.

शहापूरला परतल्यावर मी तिची सायकल भातसावर नेली. कुसुम मागोमाग आली. तिने वाकून बोट नदीत बुडवले, जिभेला लावले, नीट चव घेतली.

"हां," ती म्हणाली, "आता धुवा."