सासऱ्यांची कोठी आणि माझं झाकण

पहिल्या दिवाळसणाला सासरे सोन्याची अंगठी देत होते. ती मी नाकारली आणि कॅल्क्युलेटर मागितला.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नगरजवळ नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनियर होतो आणि साइन-कॉस काढायला माझ्याकडे एक जुनी स्लाइड रूल होती, जिची सरकती काच नेमकी अडचणीच्या वेळी निखळायची. सासरे कोपरगावकडचे ऊसवाले. त्यांना मी मामा म्हणायचो. त्यांनी शांतपणे विचारलं, "जावईबापू, ते अंगावर घालत्यात का?" मी म्हणालो, खिशात ठेवतात. सासूबाईंना प्रश्न पडला, खिशात ठेवलं तर लोकांना दिसणार कसं? (त्यांनी काळजी करायचं कारण नव्हतं. पुढे अख्ख्या तालुक्याला दिसलं.)

माझ्या बायकोचा, कुसुमचा, चुलतभाऊ अमेरिकेत शिकत होता. त्यानं दोन यंत्रांची चित्रं पाठवली. एक साधं: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. दुसरं शास्त्रीय: साइन, कॉस, लॉग, वर्गमूळ आणि मोजता मोजता दमावं इतकी बटणं. फक्त त्याला 'बरोबर'चं बटणच नव्हतं. आधी दोन्ही आकडे भरायचे आणि मग त्यांचं काय करायचं ते सांगायचं. कुसुम म्हणाली, "अहो, ज्याला बरोबरच नाही ते कशाला घेताय?"

"ज्याला बरोबर काय ते ठाऊक असतं, त्याला ते बटण लागत नाही," मी म्हणालो. माणसानं लग्नाच्या पहिल्या वर्षी अशी वाक्यं बोलू नयेत. बायका ती जपून ठेवतात.

यंत्र आलं. चामडी पाकिटात घालून मी ते कमरेच्या पट्ट्याला लावलं आणि फौजदारासारखा हिंडू लागलो. काळ्या काचेत लाल आकडे पेटायचे. आळीतली माणसं बघायला यायची, मी कुठल्याही आकड्याचं वर्गमूळ काढून दाखवायचो आणि ती हात जोडून परत जायची. मामांच्या कानावर हे गेलं असावं, कारण महिन्याभरात त्यांनी एक पत्र, एक पत्रा आणि एक सुतळी पाठवली. धान्याच्या नव्या कोठीचं गोल नळकांडं गावच्या लोहारानं ठोकून दिलं होतं, पण वरचं निमुळतं झाकण त्याला जमेना. पत्रात लिहिलं होतं: 'कोठीच्या तोंडाचं माप सुतळीत घेतलं आहे, दोन गाठींच्या मधलं धरावं. पत्रा एक पुरेल. तुमच्या डबीला सांगा.'

डबी! अंगठी सोडून आपण काय मागितलं, हे दाखवायची संधी चालून आली होती.

मी सुतळी जमिनीवर ताणली. नऊ फूट पाच इंच. म्हणजे कोठी साडेनऊ फूट रुंद. उतार वीस अंशांचा धरला, कॉस काढला, पत्रा कुठल्या कोनात कापायचा ते दशांशाच्या सातव्या स्थळापर्यंत मिळवलं. पत्रे चार लागत होते. एक पुरेल म्हणे! खेड्यातल्या माणसाला क्षेत्रफळ काय कळणार, असं म्हणत मी तीन पत्रे पदरचे घातले.

आमचे रहीम मिस्त्री खडूनं आखता आखता थांबले. म्हणाले, "साहेब, इतकी रुंद कोठी म्या तरी बघितली न्हाई. येकदा जाऊन बघून या की."

"मिस्त्री, यंत्र चुकत नाही."

"यंत्राचं न्हाई म्हनत म्या," एवढं पुटपुटून त्यांनी खडू उचलला. कुसुमनं झाकण पाहिलं आणि आमच्या माहेरी एवढं दारसुद्धा नाही, असं सांगितलं. मी तिला कॉस समजावून सांगितला.

झाकण ट्रकमध्ये मावेना. शेवटी तिरकं उभं करून दोरखंडांनी आवळलं आणि मी नि कुसुम ड्रायव्हरशेजारी बसलो. राहुरीपासून लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. जकात नाक्यावरच्या कारकुनानं हे काय आहे विचारलं. मी म्हणालो, कोठीचं झाकण. तो बराच वेळ ट्रकच्या मागच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आन् कोठी कवा येनार?"

गावात सहा गड्यांनी झाकण उतरवलं. मामा धोतराचा सोगा धरून त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मग त्यांनी मला पडवीत नेलं. तिथे कोठी होती. बेताची, टुमदार, तीन फूट रुंद.

अर्धा गाव जमला होता. मी मागे हटलो नाही. खिशातली सुतळी काढून सरळ सांगितलं, "मामा, सुतळी चुकीची आली."

मामांनी माझ्या हातून सुतळी घेतली, कोठीच्या तोंडाभोवती गुंडाळली आणि दोन गाठी एकमेकींना टेकवल्या. बरोब्बर टेकल्या. घेर होता तो! कोठीचं माप असंच घेतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, मग सुतळी ताणायची की गुंडाळायची, हे पत्रात लिहायला हवं होतं. कुसुम पदर तोंडाला लावून आत गेली.

चार खांब रोवून ते झाकण मामांनी विहिरीवरच्या इंजिनावर छप्पर म्हणून चढवलं. तिथे ते शोभलंही. कोठीवर त्यांनी एक जुनी परात पालथी घातली. चहा आला. मी अजून माघार घेतली नव्हती आणि आजही घेतलेली नाही: आकडेमोड सातव्या दशांशापर्यंत अचूक होती. तसं मी मामांना पुन्हा एकदा ऐकवलं.

"डबीला कोन नावं ठेवतंय?" मामांनी बशीतला चहा फुंकला. "पर जावईबापू, दिवाळीला अंगठी घेतली असती, तर सोनारानं तुमच्या बोटाला दोरा गुंडाळला असता. गोल चिजंचं माप कसं घेत्यात, ते तवाच कळलं असतं."