तोतारामचे बारा शब्द

पडदा वर जातो. अमळनेरकडच्या एका गावातल्या बंद पडलेल्या जिनिंग सोसायटीचा हॉल. वर पत्रे, खाली सतरंज्या, भर दुपारी पेटवलेली एकच ट्यूबलाइट. पंखा फिरला की फटीफटींतून जुना कापूस उडतो आणि माणसांच्या डोक्यांवर अलगद बसतो. असा रंगमंच मुद्दाम सजवून सजला नसता. पुढच्या रांगेत धुरपदाबाई. मांडीवर नवऱ्याचा मोबाइल आणि त्याच्यावर हात, झोपलेल्या लेकरावर ठेवावा तसा.

नवरा तोताराम पौषात गेला. मोबाइल फाल्गुनात बोलला.

धुळ्याकडच्या माहेराहून धुरपदाबाई या गावात आली ती गळा घेऊन. कानबाई देवीच्या जागरणात तिने पहिली ओळ उचलली की बाकीच्या बायांनी फक्त मागे म्हणायचं. तोताराम, सगळ्या गावाचा नाना, सोसायटीचा कापूस तोलणारा मापाडी. जिनिंग बंद पडलं तरी काटा पुसायला रोज यायचा. ही जागा एका गोडाऊनवाल्याला विकायची टूम निघाली, तेव्हा त्याने काट्यावर हात ठेवून गावासमोर सांगितलं होतं, "हिला विकायला माझं मत मिळणार नाही." त्याच्या भरवशावर अर्धं गाव अडून बसलं होतं.

सेक्रेटरी नवलने आषाढात मोबाइलवरचं मतदान आणलं होतं; दिलेलं मत संगणकांच्या साखळीत कायमचं नोंदलं जायचं. प्रत्येक सभासदाला बारा शब्द मिळाले. हीच तुमची चावी, ती घातली की कुठल्याही मोबाइलवर तुमचं खातं उघडतं, कुणाला सांगू नका, असं बजावलं. तोतारामच्या ध्यानात शब्द राहीनात. मग धुरपदाबाईने त्यांना चाल लावली. जे विसरू नये ते गावं, एवढी एकच रीत तिला ठाऊक. श्रावणात कानबाई बसली आणि माइकवर तेच तिच्या तोंडात आलं. बायांनी मागे धरलं. गाणं गोड होतं. कुणाच्या मनात काही आलं नाही.

नवरा गेल्यावरही ती ते गुणगुणायची. सभासदत्व तिच्या नावावर व्हायचं अजून बाकी होतं. मोबाइल तिने हार घातलेल्या फोटोजवळ ठेवला होता, रोज चार्ज करून. एका दुपारी ती गहू निवडत होती. घरात दुसरं कुणी नाही. मोबाइल वाजला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'तोताराम, आपले मत नोंदले गेले. जागा विकण्यास संमती.'

फोटोवरचा हार हलत होता. वारा कुठेच नव्हता. तिने खरंच फोटोला विचारलं, "तुम्हीच दिन्हं का हो?"

संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बोलणं पोचलं. "नाना मरीसन विकाई गया!" कुणी तरी म्हणालं, आणि लोक हसले. ते हसू तिने घराच्या ओट्यावरून ऐकलं.

म्हणून ती आज इथे, सोसायटीच्या सभेत, बसली होती. जागा जायची तर जावो, पण माणसाचा शब्द त्याच्या मागे कुणी फिरवू नये.

"नवल भाऊ, मरेल माणूस मत देस का रे?" ती उभी राहिली.

"अक्का, नाना गेल्याचं यंत्राला कळायचं होतं अजून. आता इलाज नाही." नवल मऊ आवाजात म्हणाला. "पेटी पळवता येते, कागद फाडता येतो. साखळीतलं मत देवालाही पुसता येत नाही."

"पुसावत नही, हाई समजनं. पन देणारा कोन शे, हाई साखळीले समजस का?"

"चावी ज्याची, मत त्याचं."

धुरपदाबाईने मोबाइल वर धरला. पदर सावरला. आणि भरल्या सभेत, कानबाईच्या चालीवर, गायला लागली:

"उंबर, विहीर, काजळ, पायरी,
पारवा, कंदील, माती, बासरी…"

मागून एका बाईने ओळ धरली. मग दुसरीने. मग पुरुषांच्या रांगांतून जाडेभरडे आवाज आले. ज्यांनी कधी गाणं म्हटलं नव्हतं तेही गात होते, एकही शब्द न चुकता:

"घुंगरू, सावली, राख, नगारा…"

पत्रे घुमले. नवल उठून "बस करा, बस करा" म्हणत होता, पण त्याचे ओठही शब्दांवर हलत होते.

गाणं संपलं.

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिने तो पुढच्या रांगेतल्या कोकिळा मास्तरीणबाईंकडे दिला. बाईंनी मोठ्याने वाचलं, "तोताराम, आपले खाते नव्या मोबाइलवर उघडले आहे."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मोबाइल पुन्हा वाजला. पुन्हा तेच. मग आणखी एकदा. कुणाचा हात खिशात होता, कुणाचा पदराखाली. सगळ्यांच्या डोक्यांवर कापूस पडत होता, आणि त्या पांढऱ्या गर्दीत कोण कोण आहे ते ओळखू येईना.

धुरपदाबाईने एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली, अगदी सावकाश, आणि विचारलं, "आते सांगा, तुम्हनामा तोताराम कोन शे?"