दोनशे दहा पावलं

आमच्या शेजारच्या आबांच्या मागे कितीही हॉर्न वाजवा, ते वळून बघायचे नाहीत. कान ठणठणीत होते हो! स्वयंपाकघरात दूध उतू चाललंय हे बाहेर ओट्यावर बसून ओळखायचे. पण हॉर्न म्हटलं की जणू काही वाजलंच नाही. खांद्यावर टॉवेल, रस्त्याच्या मधोमध, एकाच चालीने चालत राहायचे. "हॉर्न गाडीला हाय, मानसाला तोंड हाय. काय पायजे ते बोल," एवढंच म्हणायचे.

आम्ही बेटावरचे. बेट म्हटलं की सगळ्यांना समुद्र आठवतो, आमचं गोदावरीतलं आहे. नाशिकपासून चौदा किलोमीटरवर नदीचे दोन फाटे होतात, पुढे जाऊन परत एक होतात, आणि मधल्या जमिनीवर आमची चाळीस घरं, द्राक्षाच्या बागा, टोमॅटो. बाहेर पडायला एकच फरशी पूल. एका गाडीपुरता, कठडा नाही, आणि बरोबर मध्यावर वळण. वळणावर बाभळी, त्यामुळे समोरून कोण येतंय ते कळतच नाही. धरणातून पाणी सोडलं की पूल दोन-दोन दिवस पाण्याखाली. गॅसवाला आत येत नाही, कुरिअरवाला पलीकडूनच फोन करतो, मॅडम, तुम्हीच या. याची सवय होते. पण वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि मागे कोणी घ्यायचं यावर जुंपली, की त्याची सवय कधीच होत नाही. आमच्या दोन घरांत त्यावरून आजही अबोला आहे. आम्ही पोरांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, निघताना टाकायचं, "मी निघालो." तर दोघांनी एकाच मिनिटाला टाकलं आणि दोघं वळणावर भेटले.

मग एकदा ट्रॅक्टरला वाट द्यायला शाळेची व्हॅन मागे घेताना तिचं एक चाक पुलाबाहेर गेलं. माझा धाकटा भाऊ आत होता. आबांनी एकेक मूल खिडकीतून बाहेर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेटाकडच्या कडुनिंबाला एक खिळा आणि त्यावर वेताचं कडं, लाल चिंधी बांधलेलं. पलीकडे चहाच्या टपरीच्या खांबालाही तसाच खिळा.

आबा मनमाडला रेल्वेत सांधेवाले होते, रुळांचे सांधे बदलायचे. एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या जायच्या तेव्हा ड्रायव्हरला असं कडं द्यायचे, त्याला टोकन म्हणतात. कडं हातात असेल तरच गाडी पुढे. सगळ्या रुळावर कडं एकच, म्हणून गाडीही एकच. तोच नियम त्यांनी पुलाला लावला. कडं तुमच्या बाजूला असेल तर जा आणि पलीकडे खिळ्याला अडकवा. रांग असेल तर शेवटच्याने न्यायचं. कडं पलीकडे असेल आणि कुणी येत नसेल, तर गाडी लावून चालत जा आणि घेऊन या. आबांनी मोजलं होतं, दोनशे दहा पावलं. त्या दिवसापासून ते टोकन आबा झाले.

पहिले काही दिवस सगळे हसले. द्राक्षाचे क्रेट भरलेला पिकअपवाला ओरडायचा, माल तापतोय. एकदा लग्नाची एसी गाडी आली, आतले साहेब म्हणे आम्ही चालत जाणार? आबा शांतपणे म्हणाले, "जा की. शुगर आसंल तर उतरंल." साहेब गेले. परत आले तेव्हा घामाघूम होते आणि कडं मात्र छातीशी धरलेलं. पुलावरची भांडणं संपली ती संपलीच.

आता माझं सांगते. हे मी आत्तापर्यंत नीट कुणाला सांगितलेलं नाही.

अकराचा पेपर होता. मी कडं घेतलं, स्कूटीच्या हुकला अडकवलं, त्यावर बॅग, आणि पूल ओलांडला. टपरीपाशी थांबून कडं खिळ्याला लावायचं, एवढंच काम. डोक्यात पेपर होता, सुसाट निघून गेले. द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले, पाणी प्यायला बॅग उचलली तर खाली लाल चिंधी. परत फिरले तर पेपर गेला. आबांना फोन केला.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेपर कितीला?"

"अकराला."

"मंग पेपर दे. कडं जपून आन."

चार वाजता परत आले. लांबूनच दिसलं, आबा पुलावरून चालतायत, हातात लाल फडकं, मागे मुंगीच्या चालीने पिकअप. टपरीवाल्या मावशींनी सांगितलं, सकाळपासून प्रत्येक गाडीपुढे तेच चालतायत. एप्रिलच्या उन्हात. लोकांनी दुसरं कडं करू म्हटलं, तर आबा म्हणाले, "एक तिच्याकडं हाय. दोन कडी झाली की एकबी खरं नाय."

मी कडं पुढे केलं. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. टपरीच्या ओट्यावर बसले, गुडघा चोळला. "रेल्वेत टोकन गायब झालं तर गाडी उभी ऱ्हात नाय, पोरी. एक मानूस संग जातो. मंग तोच टोकन." एवढं बोलून पेपर कसा गेला ते विचारलं.

त्यानंतर त्यांच्या हातात काठी आली. म्हातारपण, असं सगळे म्हणाले. आबाही म्हणाले. मी दोन-तीनदा विषय काढला, पण प्रत्येक वेळी त्यांनी हात वर केला. माफी राहिलीच.

यंदा फेब्रुवारीत आबा नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये वारले. भर दुपारी व्हॅन त्यांना घेऊन पुलाशी आली, मागे स्कूटीवर मी. टपरीच्या खांबावर कडं नव्हतं. ड्रायव्हर शहरातला, म्हणाला, बॉडी आहे, आपल्याला कोण अडवणार? आबांचा मुलगा खाली उतरला, कडं आणायला निघाला. चार रात्रींचा जागा होता.

मी म्हटलं, "दादा, तुम्ही बसा त्यांच्याजवळ. मी पुढे चालते."

ओढणी काढून हातात धरली. लाल नव्हती, पिवळी होती. मी पावलं मोजत निघाले, मागे व्हॅन. वळण ओलांडलं तर बेटाकडच्या टोकाला पिकअपवाला कडुनिंबाचं कडं काढून गाडीत चढत होता. मला पाहिलं, खाली उतरला, कडं परत खिळ्याला अडकवलं आणि टोपी काढून उभा राहिला. इंजिन बंद. त्याच्यामागचा ट्रॅक्टरही बंद झाला. नुसतं नदीचं पाणी ऐकू येत होतं.

आबांसारखं एकाच चालीने चालणं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. माझी दोनशे दहा पावलं झाली तरी पूल संपला नव्हता. मी हळूहळू चालत होते. मागून ड्रायव्हरने हॉर्न दिला.

मी वळून बघितलं नाही.