ताणावरची गोधडी

“आये, हात मागं घे! ताणाला शिवू नको!”

मी असा ओरडलो, की पुणतांब्याच्या रस्त्यावरचे टेम्पो थांबले असतील आणि गोदावरीचे बगळे थेट जामखेडात जाऊन उतरले असतील. थांबली नाही ती फक्त आमची आई. घटस्थापनेआधीची धुणी निघालेली, तिच्या खांद्यावर चार पैलवानांच्या वजनाची ओली गोधडी, आणि ती चाललेली विजेच्या खांबाच्या ताणाकडं. खांब कलंडू नये म्हणून वरून तिरकी ओढून जमिनीत पुरलेली जाड तार म्हणजे ताण. आमच्या वस्तीची ती वलणीच. दोरी ओल्या गोधडीनं तुटते, ताण जागचा हलत नाही.

त्या सकाळी भुरभुर होती आणि खांब गुणगुणत होता, पिंपात आग्यामोहोळ कोंडावं तसा. मी वर बघितलं. चिनी मातीच्या ज्या टोपीवर तार बसते, जी तारेला खांबाच्या लोखंडाला टेकू देत नाही, ती फुटून अर्धी उरलेली. तार आडव्या लोखंडावर लोळत होती, निळ्या ठिणग्या उडवत. पुढच्या वळणावर तारेची ओढ सोसणारी चिनी मातीच्या ताटल्यांची माळ धडधाकट होती. तिचा आम्हाला काय उपयोग? इथं वीज लोखंडातून ताणात उतरलेली.

अशा वेळेसाठीच ताणाच्या मध्ये चिनी मातीचं अंडं असतं. त्यानं वरची तार वेगळी, खालची वेगळी राहते. वर वीज आली तरी माणसाच्या हातापर्यंत पोचत नाही. आमच्या ताणातून ते गायब होतं. मागच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीनं ताण तोडला, तेव्हा चुलत्यानं कुणाची वाट न बघता तारेला तार पिळून तो जोडला, आणि “लाइनमनपरीस ताठ केला,” म्हणत मिशी पिळत गावभर हिंडला.

आईनं मान वळवली. “काय बोंबलतोय? लई जड हाय ही!”

गोधडीचं टोक ताणापासून वीतभर.

“करंट हाय त्यात! मागं टाक गोधडी! पाय उचलू नको, घासत घासत ये!”

गोधडी धप्पकन तिच्या मागं पडली. करंट ओल्या मातीतही पसरतो, दोन पावलांत अंतर पडलं की धरतो. आई पाऊल पावलाला चिकटवून सरकायला लागली. उसातला बिबट्या मी एका चपलेनं हाकलला हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, मीच सांगितलंय. पण तेव्हा माझे पाय उंबऱ्याला खिळले होते. शेजारी चुलता फोनवर रडकुंडीला आलेला, “साहेब, लाइन बंद करा! माझी वैनी जाईल वो!”

गुणगुण एकदम थांबली. आई उंबऱ्यापाशी पोचली, मी तिचा हात धरला.

दुपारी लाइनमननं नवी टोपी बसवली आणि ताणाकडं बघून विचारलं, “ह्यातलं अंडं कुठंय?”

चुलता स्वतःच्या चपला न्याहाळायला लागला. आई आत गेली आणि लोणच्याच्या बरणीच्या झाकणावरचं वजन घेऊन आली. पांढरंशुभ्र, तेलानं माखलेलं, बुडाला मोहरीची डाळ चिकटलेलं.

“मावशी, हे जागेवर असतं तर करंट खाली आलाच नसता!”

आईनं ते पदरानं पुसून त्याच्या हातात ठेवलं.

“मंग आता बरणीवर काय ठिवू?”